हसत वाचायचे पहिले पुस्तक

सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेले, साठ ते शंभर पानांचे, छोट्या छोट्या प्रकरणांचे, मधूनमधून रेघांची चित्रे असलेले पुस्तक मराठीत थोडेफार सापडते. पण त्याला स्वतःचे नाव नाही. ‘बालकादंबरी’ म्हटले की दीडशे-दोनशे पानांचे आणि बारा-तेरा वर्षांच्या वाचकाचे पुस्तक डोळ्यांपुढे येते. ‘गोष्टीचे पुस्तक’ म्हटले की सुट्या गोष्टींचा संग्रह किंवा सोळा पानांचे रंगीत चित्रपुस्तक. मधल्या पायरीला नाव नसल्याने दुकानात तिचा कप्पा नाही आणि शाळेच्या खरेदीच्या यादीत तिचा रकाना नाही. चित्रपुस्तक संपवून पुढे आलेले मूल एकदम दाट छपाईच्या पानापुढे उभे राहते आणि बरीच मुले तिथूनच मागे फिरतात. या जागी विनोदी पुस्तकाचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाचा होत नाही. मराठीत अशी पुस्तके कोणती, ती कुणाच्या भाषेत हसतात आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यातल्या मुलाला त्यांतून काय मिळते, हा या आढाव्याचा विषय आहे.

‘वाचायला टाळणारे मूल’ या एका शब्दप्रयोगात निदान तीन वेगळी मुले दडलेली असतात. पहिल्याला अक्षरे येतात, पण ओळ येत नाही. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. दुसऱ्याला वाचता येते, पण वाचन म्हणजे धडा आणि धड्याखालचे प्रश्न, हे समीकरण पक्के झालेले असते. तिसऱ्याच्या आसपास पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागदच नसतो. पहिल्या प्रकारच्या मुलांची संख्या किती मोठी आहे हे ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत दिसते. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. शाळा बंद राहिल्याच्या काळानंतर, २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर आले. २०२४ पर्यंत ते पुन्हा वर चढले, तरी निम्म्याच्या आतच राहिले. या तिन्ही मुलांचा इलाज एक नाही. तरी तिघांनाही लागू पडणारी एक गोष्ट आहे: पान उलटावेसे वाटले पाहिजे.

विनोद ते काम कसे करतो हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. साहसकथेत पुढे काय होणार हे कळण्यासाठी आधीचे सगळे लक्षात ठेवावे लागते. चार पाने चुकली की धागा सुटतो. विनोदी प्रसंग जागच्या जागी पूर्ण होतो. तो कळल्याची पावतीही लगेच मिळते, कारण हसू येते ते अर्थ लागला म्हणूनच. एरवी मुलाला समजले की नाही हे बाईंनी विचारल्याशिवाय ठरत नाही. इथे मूल स्वतःच ठरवते. शिवाय विनोदात वाचकाला पात्रापेक्षा थोडे जास्त कळलेले असते. गोष्टीतल्या मुलाने पीठ समजून चुन्याचा डबा उघडलेला वाचकाला दिसतो आणि त्या मुलाला दिसत नाही. वर्गात कायम मागे पडणाऱ्या मुलाला कुणापेक्षा तरी आपल्याला जास्त कळते, हा अनुभव पुस्तकाबाहेर क्वचितच मिळतो. वाचण्याची गोडी लागते ती इथून.

पण हसू येण्याआधी ओळ वाचून व्हावी लागते, आणि देवनागरीत ओळ वाचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी लिहिलेली आणि नंतर उच्चारलेली असते. रफार उलटा: डोक्यावर नंतर दिसतो, पण आधी उच्चारायचा. ‘विद्यार्थ्यांनी’ हा पाठ्यपुस्तकात पानोपानी येणारा शब्द घ्यावा. त्यातल्या ‘र्थ्यां’ या एका जागी रफार, अर्धा थ, य, काना आणि अनुस्वार एकमेकांवर बसलेले आहेत. तिसरीतले मूल तिथे थांबते, मान वर करून बाईंकडे पाहते, आणि तेवढ्यात वाक्य हातचे जाते. त्याजागी ‘पोरांनी’ लिहिले तर तेच मूल अडखळत नाही. वर्ध्याकडे बोलतात तसे ‘पोट्ट्यांनी’ लिहिले, तर ‘ट्ट्यां’ हे जोडाक्षर काही कमी अवघड नाही. तरीही मूल तो शब्द पटकन उचलते, कारण पहिले अक्षर दिसताच उरलेला शब्द कानाने पुरवलेला असतो. ओळखीचा शब्द डोळ्याच्या आधी कानाला सापडतो, हे सुरुवातीच्या वाचनातले फार मोठे भांडवल आहे. मराठी बालपुस्तकांनी ते पुरते वापरलेले नाही.

इंग्रजीत या टप्प्यासाठी शब्द मोजून पुस्तके लिहिली गेली. १९५४ साली जॉन हर्सी या अमेरिकन लेखकाने शाळेतली पहिली वाचनपुस्तके नीरस असल्याची जाहीर तक्रार केली. त्यातून पुढे डॉक्टर स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ हे १९५७ चे पुस्तक निघाले. ते अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले आहे. मराठीत हा हिशेब तसाच्या तसा चालत नाही. ‘घर’ शिकलेल्या मुलापुढे ‘घरात’, ‘घराला’, ‘घरातल्या’, ‘घरातल्यांनाही’ अशी रूपे येतात आणि प्रत्येक रूप डोळ्याला नवा शब्द वाटते. शब्दांची यादी आखडण्यापेक्षा मराठीत वाक्य आखडणे आणि प्रत्ययांची रास टाळणे अधिक उपयोगी. मराठीची स्वतःची एक दौलतही आहे: धपकन, टुणकन, खुदकन, फस्सकन, गडगड, खडखड. हे शब्द वाचता वाचताच वाजतात. त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही, ते मोठ्याने वाचले की वर्ग हसतो, आणि दुसऱ्यांदा आले की मूल त्यांची वाट पाहत असते. धृपदासारखा परत परत येणारा असा एखादा शब्द किंवा एखादे वाक्य सुरुवातीच्या वाचकाला विसाव्याची जागा देते.

प्रकरणाची बांधणीही अशीच हिशेबाची असते. एक काल्पनिक प्रकरण जवळून पाहावे. तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा सण, उद्यावर आला आहे. चौथीतल्या मुलाच्या लाकडी बैलाची तीनच चाके जागेवर आहेत. चौथे चाक शोधताना तो मोठ्या बहिणीची पेटी उपसतो, चुलीमागची राख पसरवतो आणि आबाजींच्या चष्म्यावर पाय देतो. आता चाकासोबत चष्म्याचाही प्रश्न उभा राहिला. आबाजी चष्म्याशिवाय चाचपडत पानाचा डबा उघडतात आणि सुपारी समजून काहीतरी तोंडात टाकतात. प्रकरण इथे थांबते. आबाजींच्या तोंडात काय आहे ते वाचकाला कळले आहे, घरात कुणालाच कळलेले नाही. हे सारे तीन-साडेतीनशे शब्दांत बसते, म्हणजे दमछाक न होता एका बैठकीत संपते. एका प्रकरणात एकच घोळ, घोळ वाढत जाणारा, आणि थांबण्याची जागा घोळ सुटण्याच्या एक पाऊल अलीकडे. संपलेल्या प्रकरणाचे मोलही कमी नाही. ‘मी तीन प्रकरणे वाचली’ असे सांगता येणे हा जाड पुस्तकातली ‘तीस पाने झाली’पेक्षा वेगळा अभिमान आहे.

मराठी बालवाङ्मयाची सुरुवात मात्र हसण्यापासून झाली नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापाच्या कथा मराठीत आणल्या त्या १८२८ साली, आणि गोष्टीच्या शेवटी तात्पर्य हवेच, हा संकेत त्यांच्यासोबत आला. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक काढले तेव्हा मुलांच्या करमणुकीला स्वतंत्र जागा मिळाली, तरी बोधाची पकड सैल व्हायला वेळ लागला. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने मराठी घरांत डोळे पुसत वाचण्याची परंपरा पक्की केली. त्या पुस्तकाचे मोल वादातीत आहे. पण चांगले बालपुस्तक म्हणजे गळा दाटून आणणारे पुस्तक, ही समजूत पालकांत आणि शिक्षकांत रुजली ती त्याच्याच यशामुळे, आणि हसवणारे पुस्तक ‘वेळ घालवण्याचे’ ठरले. या समजुतीने वाचायला टाळणाऱ्या मुलांचे फार नुकसान केले आहे.

विनोदी गद्याची मुख्य धार आली ती मोठ्यांच्या साहित्यातून. बडोद्यात पाली भाषा शिकवणारे चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी उभी केली. ती मुलांसाठी नव्हती, पण मुलांनी ती आपलीशी केली. चिमणरावांच्याच घरातली मुले घेऊन त्यांनी ‘मोरू आणि मैना’ लिहिले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनने चिमणरावांना घराघरांत नेले; दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिं. विं.ची गंमत प्रसंगाच्या साखळीत आहे: एक साधी गोष्ट करायला जावे आणि दहा गोष्टी बिघडाव्यात. प्रकरणवार विनोदी पुस्तकाला याहून चांगला नमुना नाही. त्यांचे वाक्य मात्र आजच्या नऊ वर्षांच्या मुलाला लांब पडते, आणि त्यातले पुणेरी-बडोदेकर मध्यमवर्गीय घर त्याच्या ओळखीचे राहिलेले नाही.

ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ लिहून मुलांनाच मध्यभागी आणले. गोट्याचे तीन भाग निघाले, पुढे दूरदर्शनवर मालिकाही झाली. ताम्हनकरांचे यश हे की त्यांची मुले आज्ञाधारकपणाचे पुतळे नाहीत. ती चुकतात, भांडतात आणि मोठ्यांच्या बोलण्यातली विसंगती पकडतात. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फाफे, मुख्यतः साहसाचा नायक. पण त्याचे ‘ट्टॉक’ आणि त्याच्या काडीपहिलवानी अंगकाठीवरची मल्लिनाथी यांमुळे पाने हलकी होतात. भागवतांनी पुस्तकवेड्या बिपिन बुकलवारचीही एक मालिका लिहिली. वाचनाचे वेड हाच ज्याचा स्वभाव, असा नायक मराठी मुलांना मिळाला खरा, पण त्याच्याकडे ओढली गेली ती आधीच वाचणारी मुले. न वाचणाऱ्याला फाफेची सायकल जवळची वाटली, बुकलवारचे कपाट नाही.

या वाटेवरचे सर्वांत नेमके पुस्तक म्हणजे दिलीप प्रभावळकरांचे ‘बोक्या सातबंडे’. चिन्मयानंद सातबंडे या भारदस्त नावाचा हा मुंबईकर मुलगा आधी आकाशवाणीवर ऐकू आला आणि नंतर छापला गेला. ऐकण्यासाठी लिहिलेले असल्यामुळे त्याची वाक्ये तोंडात बसतात, प्रसंग सुटे आहेत आणि संवादांनी पान मोकळे राहते. पुस्तकांच्या मालिकेचा मोठा फायदा इथे दिसतो: दुसरे पुस्तक उघडताना पात्रांची ओळख नव्याने करून घ्यावी लागत नाही, आणि अडखळत वाचणाऱ्याचा निम्मा भार तिथेच उतरतो. ‘बोक्या सातबंडे’ला २०११ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, २००९ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. एका विनोदी मालिकेला असा मान मिळणे ही मराठी बालसाहित्यातली महत्त्वाची घटना होती. पुढे तिच्या बरोबरीच्या दहा मालिका उभ्या राहायला हव्या होत्या. तसे झाले नाही.

माधुरी पुरंदरे यांचा मार्ग निराळा आहे. त्यांच्या यशच्या गोष्टींत किंवा ‘लालू बोक्याच्या गोष्टीं’त खो खो हसवण्याचा प्रयत्न नाही, घरातल्या बोलण्यातली बारीक गंमत त्या टिपतात आणि चित्रेही स्वतःच काढतात. चित्र आणि मजकूर एकाच हातचे असल्याने चित्र काही वेळा मजकुराने न सांगितलेली खोडी सांगून जाते, आणि ती शोधण्यासाठी मूल पुन्हा मजकुराकडे वळते. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘वाचू आनंदे’ या संकलनाने मराठीतले वेचे आणि भारतीय चित्रकला मुलांपुढे एकत्र ठेवली. राजीव तांबे यांनी सुट्या कथांतून भरपूर धमाल केली आहे. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला २०२२ चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. वहीचा घाट या वयाला फार मानवतो: रोजची नोंद म्हणजे आपोआप छोटे प्रकरण, आणि ‘मी’ बोलत असल्याने भाषा बोलीच्या जवळ राहते. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे. त्याचे जुने अंक आता महाजालावर मोफत आहेत, आणि त्यांतल्या विनोदी गोष्टी वेगळ्या काढल्या तर कितीतरी पुस्तके होतील.

मराठीत मुलांना हसवण्याचे काम गद्यापेक्षा कवितेने जास्त मोकळेपणाने केले, हेही नोंदवायला हवे. विंदा करंदीकरांचे ‘एटू लोकांचा देश’ १९६३ चे, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ १९८१ चे. भुते, विक्षिप्त माणसे, उलटेसुलटे तर्क यांना तिथे पूर्ण मुभा आहे. कवितेकडून तात्पर्याची मागणी झाली नाही म्हणून ती खेळू शकली. बंगालीत हीच मोकळीक गद्यालाही मिळाली. सुकुमार राय (१८८७–१९२३) यांची ‘ह-य-व-र-ल’ ही अद्भुत गोष्ट आणि पगला दाशूच्या शाळेतल्या गोष्टी यांत बोध शोधूनही सापडत नाही. फ्रेंचमध्ये गोसिनी आणि साँपे यांचा छोटा निकोला १९६० पासून पुस्तकरूपात आहे. मोठ्यांच्या गोंधळाचे वर्णन मूल गंभीरपणे करते आणि हसू वाचकाकडे येते, अशी ती रीत. अमेरिकेत डेव्ह पिल्की यांना शाळेत बेशिस्तीसाठी वारंवार वर्गाबाहेर बसवले जाई. तिथे काढलेल्या चित्रांतून जन्मलेला ‘कॅप्टन अंडरपँट्स’ १९९७ मध्ये पुस्तक होऊन आला. जेफ किनी यांची २००७ पासूनची ‘विंपी किड’ची रोजनिशी हाताने लिहिल्यासारख्या अक्षरांत आणि रेघाळ्या चित्रांत आहे. वाचायला टाळणाऱ्या मुलाला ते पुस्तक अभ्यासासारखे दिसत नाही, हेच त्याचे निम्मे यश. मराठीत असे ‘अभ्यासासारखे न दिसणारे’ पान रचण्याची कला अजून बाल्यावस्थेत आहे. छोटा टंक, दाट परिच्छेद आणि पातळ कागदापलीकडून उमटणारी पलीकडची ओळ, एवढ्यावर कितीतरी चांगले लेखन वाया गेले आहे.

आता वर्धा. आठ तालुक्यांचा हा जिल्हा वर्धा नदीच्या पूर्वेला आहे. नदीपलीकडचा तो वऱ्हाड, अलीकडचा नागपूर प्रांत, अशी जुनी वाटणी. त्यामुळे इथली बोली वऱ्हाडी आणि नागपुरीच्या सीमेवरची. ‘मला’चे ‘मले’, ‘का’चे ‘काऊन’, ‘येतो आहे’चे ‘येऊन राहिला’. त्यात हिंदीची ये-जा सततची. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून वर्ध्यात आहे, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय इथेच आहे, आणि घरातल्या टीव्हीवर मोटू-पतलू हिंदीत धावत असतात. परिणामी इथल्या मुलाचे हसणे बोलीत आणि हिंदीत होते, वाचणे प्रमाण मराठीत. सदाशिव पेठेतल्या किंवा दादरच्या घरात घडणारा शब्दविनोद त्याला कळतच नाही असे नाही. पण त्याला आधी भाषा उलगडावी लागते आणि मग विनोद. विनोदाला एवढी उसंत चालत नाही. ज्या मुलाला वाचनाचा कंटाळा आहे असे म्हटले जाते, ते मूल मित्राची नक्कल करताना, घरचा प्रसंग सांगताना तासभर थांबत नाही. गोष्टीची भूक त्याला आहे. पानावरचा आवाज त्याचा नाही.

विदर्भाच्या बोलीत विनोदाची उणीव कधीच नव्हती. शंकर बडे यांचा ‘बॅरिस्टर गुलब्या’ एकपात्री प्रयोगांतून गावोगाव गेला, डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी वऱ्हाडी विनोदी कविता मंचावर गाजवली. पुरुषोत्तम बोरकरांच्या ‘मेड इन इंडिया’ने वऱ्हाडीत अख्खी कादंबरी पेलून दाखवली. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या म्हणजे यमकातली चेष्टा: गावातल्या मातब्बरांपासून सरकारपर्यंत कुणालाही न सोडणारी. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन निघतात. जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर लांबलांबच्या लोकांना खेचून आणतो. भुलाबाईच्या गाण्यांत सासर-माहेरची थट्टा आहे. हे सगळे मुलांच्या कानावर आहे आणि यातले जवळजवळ काहीच मुलांच्या पुस्तकात नाही. बोलीतला विनोद मोठ्यांच्या मंचावर राहिला. मुलांच्या पानावर तो कुणी आणलाच नाही.

तो आणताना एक अडचण खरी आहे. सगळे पुस्तक बोलीत लिहिले आणि उच्चारानुसार ‘डोळा’चे ‘डोया’, ‘पाणी’चे ‘पानी’ छापले, तर अक्षरे नुकती जुळवणाऱ्या मुलापुढे एकाच शब्दाची दोन रूपे येतात, आणि शाळेत त्यातले एक चूक ठरते. त्यावर मधला मार्ग काढता येतो. निवेदन सोप्या, बोलक्या प्रमाण मराठीत ठेवावे. संवाद बोलीत द्यावेत. संवादांतही शब्द आणि क्रियापदे बोलीतली घ्यावीत, वर्णांची मोडतोड करू नये. ‘काऊन बे, माह्या बैलाचं चाक कोणी नेलं?’ हे वाक्य वर्ध्याच्या मुलाला घरचे वाटते आणि साताऱ्याच्या मुलालाही अडत नाही. एक पथ्य मात्र पाळावे लागते. मराठी नाटक-सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस पुष्कळदा हसण्याचा विषय केलेला असतो. मुलांच्या पुस्तकात बोलीला हसणे नको, बोलीतून हसणे हवे. त्यासाठी गोष्टीतला सर्वांत हुशार मुलगा किंवा मुलगीही बोलीतच बोलली पाहिजे.

वर्ध्याकडे या कामासाठी एक जुनी शिदोरी आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली; मातृभाषेतून शिक्षण आणि हाताच्या कामातून शिक्षण हे तिचे पाये. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी त्या पद्धतीची शाळा चालवली. २००५ पासून ‘आनंद निकेतन’ या नावाने सेवाग्रामला मराठी माध्यमाची शाळा पुन्हा सुरू आहे. कामाची रोजची नोंद लिहिणे हा या शिक्षणाचा भाग राहिला आहे. वाफ्यात काय उगवले, सूत किती निघाले, स्वयंपाकात काय करपले: मुलांच्या अशा नोंदींत नकळत आलेली गंमत हेच छोट्या विनोदी पुस्तकाचे कच्चे धान्य आहे. ‘विंपी किड’ची रोजनिशी किंवा पियूची वही आणि वाफ्याकाठी लिहिलेली ही वही यांत घाटाचा फारसा फरक नाही. मुलांनीच लिहिलेले, शिक्षकांनी फक्त लेखनाच्या चुका काढलेले आणि शाळेतच शिवून बांधलेले वीस पानांचे पुस्तक वर्गातले सर्वाधिक वाचले जाणारे पुस्तक ठरू शकते, कारण त्यातली सगळी माणसे वाचकाच्या ओळखीची असतात.

पुस्तके पोचण्याचा प्रश्न निराळा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९६९ नंतर वर्ध्यात परत आले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली. त्याच सुमारास विद्रोही साहित्य संमेलनही वर्ध्यातच भरले. अशा वेळी पुण्या-मुंबईचे प्रकाशक चार दिवस दारात येतात. एरवी जिल्ह्याच्या गावी पुस्तकांचे दुकान म्हणजे बहुधा वह्या आणि मार्गदर्शिकांचे दुकान. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांच्या अनुदानाची तरतूद आहे. पण यादी वरून ठरली की तीत थोरांची चरित्रे आणि बोधकथा आधी बसतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठीत मोफत गोष्टी मिळतात आणि त्या वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. छापून घेण्याची सोय असलेल्या शाळेला त्यांचा मोठा आधार होतो. प्रकरणांच्या पुस्तकांची वाण तिथेही आहेच.

पुस्तक हाती आल्यावर ते वापरण्याची रीत साधी आहे. शिक्षकाने पहिले प्रकरण मोठ्याने, आवाज बदलून वाचावे, दुसरे अर्ध्यावर थांबवावे आणि पुस्तक टेबलावर उघडे ठेवून द्यावे. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक वर्ग ताब्यात घेतो तो गोष्ट सांगूनच. वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नयेत, सारांश लिहवून घेऊ नये. विनोद समजावून सांगितला की मरतो, आणि त्यावर पाच गुणांचा प्रश्न काढला की पुस्तकही मरते. एकाच पुस्तकाच्या चार-पाच प्रती असाव्यात, कारण हसणे एकट्याने फार वेळ जमत नाही. दोन मुले एका पुस्तकावर डोके घालून वाचताना अडलेले अक्षर एकजण दुसऱ्याला सांगतो, आणि बाईंना विचारण्याची लाज टळते.

आतापर्यंतच्या मराठी विनोदी पुस्तकांत दोन जागा ठळकपणे रिकाम्या आहेत. पहिली मुलींची. गोट्या, फाफे, बोक्या हे सगळे मुलगे. चिंगी, मैना आणि पियू मोजक्या. घोळ घालण्याचा, चुकण्याचा आणि तरीही लाडके राहण्याचा हक्क गोष्टीतल्या मुलीला फार कमी मिळाला आहे. दुसरी जागा मोठ्या वयाच्या नवशिक्या वाचकाची. सहावी-सातवीत पोचलेल्या, पण दुसरीच्या उताऱ्याशी झगडणाऱ्या मुलाला यश किंवा लालू बोक्याचे पुस्तक दिले तर तो ते दप्तरात लपवतो. त्याला हवे असते बारा वर्षांच्या मुलाचे जग: कापूस वेचायला लावल्याची कुरकुर, सायकलच्या पंक्चरवरून झालेली भांडणे, मोठ्या भावाचा मोबाइल, क्रिकेटच्या मैदानावरची फजिती. आणि तेही छोट्या वाक्यांत, मोठ्या टंकात. अशा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर इयत्ता छापू नये, वयोगट छापू नये. पातळीची खूण शिक्षकापुरती, मलपृष्ठाच्या कोपऱ्यात, एका ठिपक्याएवढी पुरते.